आबाजींवरची पाच वाक्यं

साकोलीच्या बाजाररस्त्यावर एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर धर्मेंद्र सरांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग होता. सकाळी साडेसात ते नऊ. पंधरा मुलंमुली, बहुतेक सगळी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची. नागपूरच्या कंपन्या मुलाखतीआधी सात-आठ जणांना गोल बसवतात आणि एखाद्या सामाजिक प्रश्नावर इंग्रजीत बोलायला लावतात. भंडाऱ्याकडची मुलं नेमकी तिथे गळतात. सर स्वतः दोनदा गळले होते, म्हणून त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. विषय मुलांना परके नसत. बेरोजगारी, दारू, शाळा सुटलेल्या मुली, हे सगळं त्यांनी जन्मापासून पाहिलेलं असे. फक्त त्यासाठीचे शब्द नसत.

म्हणून सर दर सोमवारी फळ्यावर पंधरा शब्द लिहीत. प्रत्येकाने एक उचलायचा. त्याचं उदाहरण पुस्तकातलं चालणार नाही, डोळ्यांनी पाहिलेलं हवं. शनिवारी उभं राहून त्यावर इंग्रजीत पाच वाक्यं बोलायची. सर मोबाइलवर रेकॉर्ड करून तिथल्या तिथे वर्गाच्या ग्रुपवर टाकत, म्हणजे ज्याला त्याला आपल्या चुका घरी बसून पाहता येत.

टीना कापगते सानगडीहून यायची. तिची बस सकाळी पावणेसातला. वर्ग झाला की कॉलेज, आणि घरी पोचायला साडेपाच. नोव्हेंबरातल्या त्या आठवड्यात तिच्या वाट्याला ‘मायग्रेशन’ आला होता. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या गावातल्या बायांवर तिने पाच वाक्यं केली होती आणि ती पाठ करून आली होती. तिचा नंबर लवकर लागला. दोन ठिकाणी काळ चुकला, पण सर ‘गुड’ म्हणाले.

तिच्यानंतर मनिष उठला. तो एकोडीचा. वर्ग झाल्यावर मोटरसायकलने सानगडीला जायचा, तिथे बसथांब्यासमोर त्याच्या मामाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचा शब्द होता ‘एल्डर निग्लेक्ट’, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची हेळसांड.

मनिषचं इंग्रजी वर्गात सगळ्यांत सफाईचं होतं. त्याने सांगितलं की सानगडीच्या थांब्यावर एक म्हातारा रोज सकाळी नऊपासून चार-साडेचारपर्यंत बसलेला असतो. त्याला कुठल्याच गाडीने जायचं नसतं. त्याला मुलगा आहे, सून आहे, पक्कं घर आहे. तरीही ते त्याला सकाळीच घराबाहेर काढतात आणि घ्यायला कोणी येत नाही. “ही इज अ व्हिक्टिम ऑफ एल्डर निग्लेक्ट,” असं म्हणून तो थांबला. सरांनी व्हिडिओ ग्रुपवर टाकत विचारलं, म्हातारा दिसतो कसा, त्याचं वर्णन कर. मनिष म्हणाला, पांढरी टोपी, आणि हातात वेळूची काठी, तिच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.

ती ट्यूब टीनाने स्वतः गुंडाळून दिली होती.

“सर, हे खोटं आहे,” ती उभी राहून मराठीतच म्हणाली. “ते माझे आबाजी आहेत, माझे आजोबा. त्यांना घरातून कोणी काढत नाही. ते त्यांच्या मर्जीने जातात.”

मनिषच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सरांनी मोबाइल काढून व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला आणि म्हणाले, “मनिष, पाहिलेलं किती अन् गृहीत धरलेलं किती, हे वेगळं करायला पाहिजे होतं.” मग नऊ वाजले आणि सगळे उठले.

कॉलेजात त्या दिवशी टीनाचं लक्ष लागलं नाही. मनिषवर राग होताच. पण दुपारपर्यंत तिला आणखी एक गोष्ट टोचायला लागली. आबाजी मर्जीने जातात, असं ती सगळ्यांसमोर ठासून सांगून आली होती. पण का जातात, हे तिला माहीत नव्हतं. ती सकाळी निघायची तेव्हा आबाजी दात घासत असायचे, आणि ती परतायची तेव्हा ते घरी येऊन खाटेवर बसलेले असायचे. थांब्यावर बसलेले आबाजी तिने सुट्टीच्या दिवशी सोडून कधी पाहिलेच नव्हते.

सरांनी व्हिडिओ काढला, पण त्याआधी वर्गातल्या राजकुमार नावाच्या मुलाने तो उतरवून आपल्या स्टेटसला ठेवला होता. मनिषचं इंग्रजी किती भारी आहे एवढंच त्याला दाखवायचं होतं. स्टेटस सानगडीच्या दोघा-तिघांनी पाहिलं. दुपारी टीनाचे वडील मंगेश धान घेऊन राइस मिलवर गेले, तर तिथे एकाने त्यांना तो व्हिडिओ दाखवला आणि मराठीत अर्थही सांगितला.

संध्याकाळी मंगेश घरी आले ते चप्पल न काढताच आबाजींच्या खाटेपाशी गेले.

“बाबा, उद्यापासून थांब्यावर जायचं नाई.”

“काहून?” आबाजींनी विचारलं.

“लोक थुंकून राहिले माह्या तोंडावर. पोरानं बापाले हाकललं म्हणतात. इंग्रजीत म्हणतात आता तं.”

टीनाची आई रुखमिणी स्वयंपाकघरातून बाहेर आली. काय झालं ते ऐकलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. “मामाजीले मी कधी शिळं वाढलं नाई,” ती सासऱ्यांकडे पाहत एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

रविवारी सकाळी आबाजींनी नेहमीप्रमाणे टोपी घातली, काठी घेतली आणि दाराशी गेले. मंगेश दारातच बसले होते. आबाजी परत फिरले आणि खाटेवर येऊन बसले. टोपी मात्र त्यांनी डोक्यावरच ठेवली.

सोमवारीही तसंच. मंगळवारी दुपारी ते जेवले नाहीत, भूक नाही म्हणाले. रुखमिणीने वरण-भात कालवून पुढे ठेवला, तो तसाच राहिला. बुधवारी दोन घास खाल्ले. दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडत. मंगेशांचं धान चुरण्याचं, म्हणजे मळणीचं काम सुरू होतं. ते येता-जाता विचारत, “बाबा, जेवले काय? गोळी घेतली काय?” आबाजी मान हलवत. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळत नसे.

त्याच संध्याकाळी टीना बसमधून उतरली तेव्हा थांब्यावर फुटाणे आणि पेरू विकणाऱ्या केशरबाईने तिला हाक मारली.

“पोरी, तू धनीरामबुवाची नात ना व? बिमार आहे काय तुहा आजा? चार दिवस झाले, आला नाई.”

“नाई, घरीच आहेत,” टीना म्हणाली.

“मंग धाडून दे ना त्याले. लोक मले पुसून राहिले, लाखांदूरची गाडी गेली काय, अर्जुनीची गेली काय. मी फुटाणे मोजू का गाड्या मोजू? अन् ते दवाखान्यातली सिस्टर आहे ना, ते रोज पुसते, बाबा कुठी गेले म्हणून. तिची पिशवी सांभाळे तो.”

टीनाने मान डोलावली आणि घराकडे निघाली. कोण सिस्टर, कसली पिशवी, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. आबाजींनी सांगितलं नव्हतं, की तिने विचारलं नव्हतं?

घरी आल्यावर तिने बॅग ठेवली, हातपाय धुतले आणि खाटेच्या कडेला बसली.

“आबाजी, तुमी थांब्यावर दिवसभर काय करता गा?”

आबाजींनी कूस बदलली. “बापानं पुसायले लावलं काय?”

“नाई. मीच पुसून राहिली.”

आबाजी उठून बसले. “काय करन? बसतो. गाडीचं पुसलं तं सांगतो. साकोलीकडची उशिरा असली का मले समजते, डायव्हर कोणता आहे त्याच्यावरून. बाया पिशव्या ठेवून जातात, पाहतो. परगावचा माणूस आला तं गाव पुसतो, कोणाकडचा पाव्हणा म्हणून पुसतो. तोही मले पुसते.”

“घरी करमत नाई?”

“घरी काय वाईट आहे? तुही माय टायमावर जेवाले देते. मंगेश दवाई आणते. मी कोणाले बोल नाई लावत.” मग ते म्हणाले, “पण तू सांग मले, याच्या आधी तू मले काई पुसलं होतं, तं कधी पुसलं होतं?”

टीनाने आठवून पाहिलं. “काल पुसलं ना. जेवले काय म्हणून.”

“जेवले काय, गोळी घेतली काय. ते पुसणं तं गोठ्यातल्या जनावरालेही असते, पोरी.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेबाची गोष्ट सांगावी तसे ते सांगत होते. “हेल्याची, रेड्याची जोडी होती तवा मंगेश दिवसातून दहा खेपा पुसे. पाणी पाजलं काय, चिखलणीले आज जुंपायचे का उद्या, खुरं पाहिले काय. मंग ट्रॅक्टर आला, हेले गेले. चांगलंच झालं, माह्यानं होत नोहोतं. पण हेले गेले तं पुसणंही गेलं. भांडण नाई, काई नाई. बोलायले गोष्टच नाई राहिली.”

टीनाला चार दिवसांपूर्वी वर्गात आपण केवढ्या आवाजात ‘खोटं आहे’ म्हणालो ते आठवलं. मनिषचं खोटं होतं. त्यांना घरातून कोणी काढलं नव्हतं. पण तिचंही पूर्ण खरं नव्हतं.

गुरुवारी तिने कॉलेजचे शेवटचे दोन तास सोडले आणि दुपारच्या बसने सानगडीला उतरली ती थेट मनिषच्या मामाच्या दुकानात गेली. मनिष एका फोनची काच बसवत होता. तिला पाहून त्याने चिमटा खाली ठेवला.

“तू माह्या आबाजीशी कधी बोलला होता काय?” टीनाने विचारलं.

“नाही.”

“तुह्या काउंटरपासून त्यांचा बाक वीस पावलं आहे.”

“मले वाटलं…” मनिष म्हणाला. “रोज पाहत होतो. एकटेच बसून असायचे. मले वाईट वाटायचं, खरंच. शब्द भेटला तं वाटलं, हाच तो.”

“आता ते घरातच पडून असतात. जेवत नाईत. राजकुमारच्या स्टेटसवरचा व्हिडिओ पाहून बाबानं बाहेर जाणं बंद केलं त्यांचं.”

मनिषने दुकानाबाहेर रिकाम्या बाकाकडे पाहिलं. पाच दिवस म्हातारा दिसला नाही हे त्याच्या ध्यानात आलं होतं, पण कारण आपण असू हे आलं नव्हतं. “मी काय करू ते सांग,” तो म्हणाला.

“घरी ये. सांजच्या, बाबा आल्यावर.”

तो आला. मंगेश नुकतेच खळ्यावरून आले होते, अंगावर धानाचा कोंडा होता. मनिष दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “काका, ते व्हिडिओतलं मी बोललो होतो. माही चूक झाली. राजकुमारचं ते स्टेटस आता नाई, अन् त्यानं माफी मागणारं दुसरं टाकलं.”

“इंग्रजीत टाकलं का मराठीत?” मंगेशांनी विचारलं.

“मराठीत.”

“तोंड दाखवाची सोय नाई ठेवली तुमी पोरांनी,” मंगेश म्हणाले. पण मुलगा घरी चालत आला होता आणि खाली मान घालून उभा होता, त्याच्यावर ओरडणं त्यांना जमलं नाही. रुखमिणीने आतूनच विचारलं, चहा मांडू का. कोणी हो-नाही म्हटलं नाही तरी तिने मांडला.

“पोट्ट्या, इकडं ये,” आबाजींनी हाक मारली. मनिष खाटेजवळ गेला. “मले काय म्हणला तू इंग्रजीत?”

“निग्लेक्टेड.”

“म्हणजे काय?”

मनिषने टीनाकडे पाहिलं. टीनाने काही मदत केली नाही. “म्हणजे… घरचे लक्ष देत नाईत ज्याच्याकडे, तो.”

“लक्ष तं लय देऊन राहिले,” आबाजी म्हणाले. “पाच दिवस झाले, दाराबाहेर पाय नाई ठेवू देत.”

“बाबा!” मंगेश म्हणाले. “लोक काय बोलतात, तुमाले माहीत आहे काय?”

“तं सांग ना लोकाइले, नाई हाकललं म्हणून. तू लोकाइच्या तोंडाले भेला अन् मले बांधून ठेवलं. त्याले काय म्हणतात रे इंग्रजीत?”

रुखमिणी चहा घेऊन आली आणि कप ठेवताना रडतच म्हणाली, “मामाजी, माह्याकडून काई कमी झालं असन तं सांगा.”

“तुह्याकडून काईच कमी नाई झालं, माय. तू काहून रडून राहिली?” आबाजींनी कप उचलला, पण प्यायले नाहीत. मग मंगेशांकडे पाहून म्हणाले, “तू मले हाकललं नाई, हे मले माहीत आहे. पण तू माह्याशी बोलते, असंही नाई.”

मंगेश खाली बसले. अंगावरचा कोंडा हाताने झाडू लागले. शेवटी म्हणाले, “काय बोलू बाबा? तुमाले त्रास द्यायचा नाई म्हणून पुसत नाई. ट्रॅक्टरचं, फवारणीच्या औषधाचं तुमाले कायले?”

“मले नाई समजत ते. मी तुले शिकवाले नाई मागत.” आबाजींनी आता चहाचा घोट घेतला. “मी उद्या थांब्यावर जातो. सांजच्या घरी आलो का मले पुसजो, कोण भेटलं आज. एवढंच. नाई पुसलं, तं ह्या पोट्ट्याचं इंग्रजी खरं होते.”

शुक्रवारी सकाळी मंगेश दारात बसले नाहीत. आबाजी नऊला थांब्यावर गेले. केशरबाईने त्यांना वाटीभर फुटाणे दिले. मनिष दुकान उघडल्यावर त्यांच्या शेजारी जाऊन दहा मिनिटं बसला. काय बोलायचं ते त्याला समजेना, म्हणून त्याने अर्जुनीच्या गाडीची वेळ विचारली. आबाजींनी वेळ सांगितली आणि त्याच्या एकोडीतल्या घराण्याची पार आज्यापर्यंत चौकशी केली.

संध्याकाळी जेवताना मंगेशांनी ताटाकडे पाहतच विचारलं, “कोण भेटलं आज?”

आबाजींनी सांगायला सुरुवात केली ती संपेचना. सिस्टरची बदली लाखनीला होणार आहे. सानगडीची एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, तिला पुण्याहून येताना दोन दिवस लागले. कंडक्टर नवा आहे, करडीचा, त्याचा बाप आबाजींच्या ओळखीचा निघाला. अर्ध्यावर मंगेश बसल्या बसल्या पेंगायला लागले. रुखमिणीने त्यांना कोपराने ढोसलं, तेव्हा ते “हो, मंग?” म्हणाले आणि आबाजींनी पुढे सांगितलं. पुढच्या आठवड्यांत काही दिवस मंगेश विचारायला विसरले. एक-दोनदा आबाजींनीच “आज नाई पुसलं तू” म्हणून आठवण दिली. एखाद्या दिवशी टीनाने विचारलं.

त्या पहिल्या जेवणाच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारच्या वर्गात टीनाने सरांना सांगितलं की तिला मनिषचा शब्द हवा आहे, तिच्या नव्या शब्दाऐवजी. ती उभी राहिली. तिने इंग्रजीत सांगितलं की माझे आजोबा थांब्यावर बसतात, कारण तिथे लोक त्यांना प्रश्न विचारतात. आम्ही त्यांना जेवण देतो, औषध देतो. आम्ही त्यांना प्रश्न विचारत नव्हतो. मागच्या आठवड्यात मी चुकीचं बोलले आणि माझा वर्गमित्रही चुकीचं बोलला. मग ती अडली. पाच वाक्यांच्या जागी सात झाली होती, त्यातली दोन व्याकरणाने मोडकी होती.

“पण मग शब्द कोणता?” सरांनी विचारलं. “निग्लेक्ट नाही म्हणतेस. लोनलीनेस?”

“तेही नाही सर. ते एकटे नाहीत. केशरबाई आहे, सिस्टर आहे, निम्मं गाव आहे. ते घरी एकटे होते, बाहेर नाही.”

सरांनी आणखी दोन शब्द सुचवले. तिने दोन्हींना नकारार्थी मान हलवली. शेवटी सर म्हणाले, “ठीक आहे, शब्दाशिवाय बोल. मुलाखतीतही असंच बोललीस तर चालेल. ऐकणाऱ्याला समजलं पाहिजे.” हे त्यांना कितपत पटलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. पण त्यांनी तिचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला नाही. तिला विचारून फक्त तिच्याच नंबरवर पाठवला.

मग त्यांनी फळा पुसला आणि नवा नियम लिहिला. ज्या माणसाचं उदाहरण द्यायचं, त्याच्याशी आधी बोलून यायचं आणि त्याला विचारून यायचं. राजकुमारने तक्रार केली की सर, असं केलं तर कोणी काही सांगणारच नाही. सर म्हणाले, नाही सांगितलं तर तेही येऊन सांग.

सोमवारी टीनाने फळ्यावरचा ‘ॲडिक्शन’ घेतला. गावातल्या एका माणसाची दारू सुटली होती, त्याला ती भेटायला गेली. तो दारात उभा राहूनच म्हणाला की पुढच्या महिन्यात ये, अजून भरवसा नाही मला माझा. ती परत आली. पुढच्या शनिवारी पंधरापैकी सहाच जण पाच वाक्यं बोलले. बाकीचे एकेक वाक्य बोलून खाली बसले, आणि ते वाक्य जवळजवळ सगळ्यांचं सारखंच होतं: मी विचारलं, त्यांनी अजून सांगितलं नाही. सरांनी सगळ्यांकडून ते इंग्रजीत नीट म्हणवून घेतलं आणि तेही धरून सगळ्यांची हजेरी मांडली.